अमृतराव घाटावरील धाव

दशाश्वमेध घाटावरून गंगेच्या प्रवाहाविरुद्ध, म्हणजे दक्षिणेकडे, चालू लागले की अहल्याबाईंचा घाट, दरभंग्याच्या वाड्याची उंच भिंत, राणामहाल, चौसट्टी घाट, पांडे घाट असे एकामागून एक घाट मागे पडतात आणि मग रुंद पायऱ्यांचा, तुलनेने शांत असा एक घाट लागतो. पाटीवर त्याचे नाव ‘राजा घाट’ असे आहे. जुन्या पुस्तकांत मात्र तो अमृतराव घाट म्हणून भेटतो. अमृतराव म्हणजे राघोबादादांचे दत्तक पुत्र आणि दुसऱ्या बाजीरावाचे वडील बंधू. या घाटाची दगडी बांधणी त्यांनी करविली.

गेल्या माघ महिन्यात सासूबाईंना घेऊन मी काशीला गेले तेव्हा या घाटाच्या वरच्या गल्लीत आमचा पंधरा दिवस मुक्काम होता. काशीयात्रा ही त्यांची फार दिवसांची इच्छा. मुलाला रजा नव्हती, सुनेला होती. माझी रजा म्हणजेही अर्धी रजाच, कारण तपासायच्या मुद्रितांचा एक गठ्ठा मी बरोबर घेतलाच होता. त्या गठ्ठ्याखाली, पिशवीच्या अगदी तळाशी, कागदात गुंडाळलेले आणखी काहीतरी आहे हे सासूबाईंनी पहिल्याच संध्याकाळी ओळखले.

“हे गं काय?”

“बूट आहेत, आई. धावण्याचे.”

त्या काही बोलल्या नाहीत. काशीला लोक काय काय घेऊन येतात याची कल्पना त्यांना असावी.

येथे थोडे मागे जायला हवे. शाळेत आणि महाविद्यालयात मी धावत असे. आठशे मीटर ही माझी शर्यत. मैदानाच्या दोन फेऱ्या. पहिलीत शहाणपण लागते आणि दुसरीत धाडस. पदवी परीक्षेच्या वर्षी मी धावणे सोडले. पुढे नोकरी लागली, लग्न झाले, मुलगी झाली, आणि “संसारात पडल्यावर कुठले धावणे!” हे वाक्य मी इतक्या वेळा आणि इतक्या सहजतेने म्हटले की मलाही ते खरे वाटू लागले. पंधरा वर्षे अशी गेली.

माझा व्यवसाय भाषांतराचा व संपादनाचा. आरोग्यविषयक पुस्तिका अधूनमधून माझ्याकडे येतात. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान 150 ते 300 मिनिटे मध्यम प्रतीचा किंवा 75 ते 150 मिनिटे जोराचा व्यायाम करावा, हा जागतिक आरोग्य संघटनेचा 2020 सालचा सल्ला मी स्वतः मराठीत उतरविला आहे. ‘दीर्घकाळ एका जागी बसणे टाळावे’ या वाक्यावर योग्य क्रियापद कोणते, याचा विचार करीत मी दोन तास एका जागी बसले होते, हे आता कबूल करण्यास हरकत नाही. मागच्या वर्षी मुलीच्या शाळेत पालकांची एक गमतीची शर्यत झाली. अंतर शंभर पावलांचे. अर्ध्यावर माझा श्वास संपला. मुलगी काही म्हणाली नाही. माझ्यासाठी धरून ठेवलेली पाण्याची बाटली तिने तेवढी पुढे केली. त्यानंतर दोन दिवसांनी मी बूट आणले, आणि ते सहा महिने कपाटात राहिले. आपल्या गल्लीत, ओळखीच्या खिडक्यांसमोरून धापा टाकीत जाण्याची मला लाज वाटत होती. काशीत मला कोण ओळखणार?

माघातली पहाट काशीत थंड असते. नदीवर धुके असते, पलीकडचा वाळवंटी काठ दिसतच नाही. गंगा येथे उत्तरवाहिनी असल्यामुळे सगळे घाट पूर्वेकडे तोंड करून बसले आहेत. सूर्य उगवतो तो पलीकडच्या वाळूवर, आणि पहिले ऊन थेट पायऱ्यांवर येते. हिवाळ्यात दूर उत्तरेकडून आलेले कुरव पक्षी पाण्यावर घिरट्या घालीत असतात आणि नावाडी त्यांना शेव टाकतात. घाटावरच्या शेळ्यांच्या अंगात जुने स्वेटर चढविलेले असतात. पहिल्या दिवशी एका शेळीच्या अंगातला स्वेटर माझ्या स्वेटरपेक्षा बरा होता.

असीपासून वरुणासंगमाजवळच्या आदिकेशवापर्यंत घाटांची ही रांग साधारण सात किलोमीटरची आहे. पाऊस सरून नदी उतरली, पुरात साचलेला गाळ धुऊन निघाला, की त्यातला बराच भाग सलग चालता येतो. परंतु ‘चालता येतो’ आणि ‘धावता येतो’ यांत अंतर आहे. दोन घाटांच्या मध्ये पाचदहा पायऱ्या चढाव्या किंवा उतराव्या लागतात. स्नानाची ओली वस्त्रे जेथे पिळली जातात तेथला दगड निसरडा असतो. नावांचे दोर वाटेत आडवे पडलेले असतात. शिवाय गायी, श्वान, आणि सूर्याला अर्घ्य देण्यात गढून गेलेली माणसे. यांपैकी कोणालाही आपल्या धावण्यासाठी बाजूला होण्याची गरज वाटत नाही, आणि ते बरोबरच आहे. घाट त्यांचा आहे.

म्हणून मी एक छोटा पल्ला ठरविला. उत्तरेला पांडे घाट, दक्षिणेला नारद घाट ओलांडून मानसरोवर घाट, आणि मध्ये अमृतराव घाट. पायऱ्या आल्या की चालायचे, सपाट फरसबंदी आली की धावायचे. नारद घाटावर नवराबायकोने एकत्र स्नान केल्यास भांडण होते अशी काशीत समजूत आहे. नवरा मुंबईत असल्यामुळे मला तेथून बिनधोक जाता येत होते. मानसरोवराच्या पुढे केदार घाट आणि त्यापुढे हरिश्चंद्र घाट. तेथे चिता जळत असतात. त्या बाजूला मी धावत गेले नाही. एकदा सायंकाळी सासूबाईंबरोबर चालत गेले, तेवढेच.

पहिल्या सकाळी एक मिनिट धावायचे आणि दोन मिनिटे चालायचे असे सातआठ वेळा करायचे ठरविले होते. चौथ्या मिनिटालाच, म्हणजे दुसऱ्यांदा धावू लागताच, छातीत भाता लागला. मी अमृतरावांच्या पायरीवर सासूबाईंच्या शेजारी येऊन बसले. त्या स्नान आटोपून, शाल गुंडाळून जपाला बसल्या होत्या. जप मोडू नये म्हणून मी तोंड फिरवून धापा टाकल्या.

माळ पूर्ण झाल्यावर त्यांनी विचारले, “किती झाल्या?”

“काय?”

“फेऱ्या गं.”

“एकही नाही, आई.”

“उद्यापासून मी मोजते,” त्या म्हणाल्या. जपाच्या माळेवर मोजा असे मी गमतीने सुचविले तेव्हा मात्र त्या रागावल्या. जपाची माळ असल्या मोजणीसाठी नसते. दुसऱ्या दिवशी त्यांनी पदराच्या गाठीत मूठभर फुटाणे आणले. मी समोरून गेले की एक फुटाणा पायरीवर ठेवायचा. माझ्या इतक्या वर्षांच्या संसारात आम्हा दोघींमध्ये असा कोणताही करार झाला नव्हता.

मी आठशे मीटर धावत असे असे वर म्हटले. या शर्यतीचा इतिहास बायकांच्या दृष्टीने मोठा चमत्कारिक आहे. 1928 साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची आठशे मीटरची शर्यत प्रथम झाली. जर्मनीच्या लीना रॅडके यांनी ती 2 मिनिटे 16.8 सेकंदांत जिंकली. शर्यतीनंतर काही धावपटू थकून मैदानात बसल्या किंवा पडल्या, आणि वृत्तपत्रांनी त्याचा असा काही गवगवा केला की हे अंतर स्त्रियांच्या प्रकृतीला झेपणारे नाही असे ठरवून ती शर्यत काढून टाकण्यात आली. पुरुष शर्यतीनंतर गवतावर आडवे होतात तेव्हा त्याला पराक्रम म्हणतात. ती शर्यत ऑलिंपिकमध्ये परतली 1960 साली, रोमला. बत्तीस वर्षांनी! स्त्रियांच्या मॅरेथॉनला 1984 उजाडावे लागले आणि तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीला 2008. सातारा जिल्ह्यातील ललिता बाबर याच अडथळ्यांच्या शर्यतीत 2016 साली रिओ येथे अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या. आठशे मीटरच्या शर्यतीला बत्तीस वर्षे थांबावे लागले, मग आपल्या पंधरांचे काय, असे मी पायऱ्या चढताना मनाशी म्हणत असे. श्वास लागलेला असला की माणसाला असली समर्थने सुचतात.

पहिले तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी मी घात करून घेतला.

झाले असे की, विद्यापीठातला असावा असा एक तरुण मुलगा असी घाटाच्या बाजूने हलक्या पावलांनी धावत आला आणि मला मागे टाकून गेला. त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही. मला एकाएकी मैदान आठवले. श्वास तीन दिवसांत बराच सुधारला होता. पायांना जुनी लय सापडल्यासारखे वाटले. मी त्याच्या मागे निघाले. पांडे घाटापर्यंत मी त्याच्यापासून दहा पावलांवर होते. तेथे डाव्या पोटरीत चाबूक बसल्यासारखी कळ आली आणि मी खाली बसले.

असे का होते हे मला माहीत असायला हवे होते, कारण त्यावरचाही मजकूर मी कधीतरी भाषांतरित केला होता. व्यायाम सोडला की काही आठवड्यांतच शरीरातील रक्ताचे आकारमान कमी होते, हृदयाच्या एका ठोक्यात पूर्वीपेक्षा कमी रक्त बाहेर पडते आणि दम लवकर लागतो. पण पुन्हा आरंभ केला की हीच गोष्ट सर्वांत आधी सुधारू लागते. पूर्वी कमावलेल्या स्नायूंनाही जुन्या सरावाचा काही फायदा होत असावा, असे अलीकडचे संशोधन सुचविते. कंडरा आणि हाडे यांचे तसे नाही. त्यांच्या घडणीची गती मंद; भार पेलण्याची त्यांची तयारी होण्यास कित्येक महिने लागतात. त्यामुळे परत धावू लागलेल्या माणसाचा छातीचा भाता त्याला ‘आता जा’ म्हणतो तेव्हा पायांनी ‘थांब’ म्हटलेले त्याला ऐकू येत नाही. पूर्वी कधीच न धावलेला माणूस बहुधा जपून असतो. धोका असतो तो आमच्यासारख्यांना, ज्यांना आपण पूर्वी किती जोरात धावत होतो हे आठवते. चाळिशीच्या जवळ आलेल्यांनी, आणि मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी तर अवश्य, आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. ती मी करून घेतली होती. अक्कल तपासण्याची सोय तेथे नव्हती.

दोन नावाड्यांनी मला आधार देऊन वर आणले. सासूबाईंनी पोटरीला गार पाण्याची पट्टी ठेवली आणि पाय उशीवर उंच करून मला निजविले. दोन दिवस मुद्रिते तपासण्यात गेली. तिसऱ्या दिवशी लंगडत घाटावर येऊन बसले, तेव्हा मी त्यांना एक गोष्ट सांगितली, जी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

माझे धावणे संसारामुळे सुटले नव्हते. शेवटच्या आंतरमहाविद्यालयीन शर्यतीत मी पहिली फेरी अतिशय वेगाने काढली. दुसऱ्या फेरीत एकेक मुलगी मला ओलांडून जाऊ लागली. शेवटचे दोनशे मीटर उरले असता मी सर्वांत मागे होते. तेव्हा मी पोटरी धरली आणि पट्टीबाहेर जाऊन बसले. पोटरीत गोळा आला असे सर्वांना सांगितले. पोटरीत काहीही झाले नव्हते. त्यानंतर मी मैदानावर गेले नाही.

सासूबाईंनी थोडा वेळ नदीकडे पाहिले. “म्हणजे आमच्या घरावर उगाच आळ घेत होतीस इतकी वर्षे,” त्या म्हणाल्या. मग दोघींनाही हसू आले. पुढे त्या म्हणाल्या, “शेवटची आली असतीस तर काय झाले असते?” याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. अजून नाही.

ज्यांच्या पायरीवर आम्ही बसलो होतो त्या अमृतरावांचीही हकीकत अशीच बसल्या बसल्या आठवली. 25 ऑक्टोबर 1802 रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव पुणे सोडून पळाले व वसईस जाऊन इंग्रजांच्या आश्रयाला गेले. होळकरांनी अमृतरावांना पुण्यास आणून कारभार त्यांच्या हाती दिला, आणि त्यांचे चिरंजीव विनायकराव यांना पेशवेपदावर बसविण्याचे ठरले. काही महिनेच हा डाव टिकला. 1803 च्या एप्रिलमध्ये आर्थर वेलस्ली पुण्याजवळ येत आहेत असे कळताच अमृतरावांनी शहर सोडले, आणि त्याच वर्षी सालिना सात लाख रुपयांच्या नेमणुकीवर त्यांनी इंग्रजांशी समझोता केला. पुढचे आयुष्य काशीत व चित्रकूटजवळच्या कर्वीस गेले. 1824 साली ते निवर्तले. घाटावर त्यांनी बांधलेल्या देवळांत अमृतेश्वर आणि विनायकेश्वर आहेत. दुसरे नाव उघडच मुलाचे. त्यांना पुण्याची आठवण येत असेल का, येत असल्यास कोणती, हे कोणी लिहून ठेवलेले माझ्या वाचनात नाही. आठशे मीटरच्या धावपटूने पेशवाईच्या इतिहासाशी फार सलगी करू नये हे मला कळते. तरी घाट बांधायला बसलेला माणूस रोज सकाळी किती पायऱ्या झाल्या एवढेच मोजत असेल, असे त्या पायरीवर हात टेकून मला वाटले खरे.

पोटरी बरी झाल्यावर मी नव्याने आरंभ केला, आणि या वेळी खरोखरच नव्याने. आरंभीचे दोन दिवस केवळ चालले. मग एक मिनिट धावणे, तीन मिनिटे चालणे. एक दिवस धावायचे, एक दिवस विसावा. वेग ठरविण्यासाठी घड्याळ काढून ठेवले आणि त्याऐवजी एक सोपी कसोटी घेतली: धावता धावता रामरक्षेचा एक श्लोक मध्ये न अडखळता म्हणता आला पाहिजे. म्हणता आला नाही तर वेग जास्त. या कसोटीने माझा वेग इतका उतरला की वेगाने चालणारे एक वृद्ध गृहस्थ मला रोज मागे टाकून जात आणि जाताना ‘महादेव’ म्हणत. मीही ‘महादेव’ म्हणत असे. तेवढा श्वास उरलेला असे, म्हणजे कसोटी बरोबर होती.

पांडे घाटाशी वळताना मला रोज बरे वाटे. त्या घाटाला बबुआ पांडे नावाच्या पहिलवानाचे नाव मिळाले असून तेथे त्यांचा आखाडा होता असे सांगतात. व्यायामाचा आणि मराठी माणसाचा विषय निघाला की मल्लखांबाची आठवण होतेच. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लांच्या स्तंभाचा उल्लेख आहे. पुढे ही विद्या कित्येक शतके मागे पडली, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ती पुन्हा उभी केली. त्यांना ती वानरांच्या झाडावरील उड्या पाहून सुचली अशी आख्यायिका आहे. काशीतली माकडे ज्याने पाहिली आहेत त्याला ही आख्यायिका पटण्यास अडचण पडत नाही. आमचा एक टॉवेल त्यांनी तीन मजले वर नेला तो अशाच शास्त्रशुद्ध पद्धतीने.

आपल्याकडच्या धावपटूंत परतण्याचे सर्वांत ठळक उदाहरण मला बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे यांचे वाटते. सैन्यात भरती झाल्यानंतर सियाचीनसारख्या ठिकाणी सेवा बजावून मग ते धावण्याकडे वळले. मध्यंतरी दुखापत व वाढलेले वजन यांमुळे मागे पडले, आणि तेथून पुन्हा उभे राहून 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत 8 मिनिटे 11.20 सेकंदांत रौप्यपदक मिळवून आले. या उदाहरणाचा माझ्यासारखीला उपयोग काय, असे कोणी विचारील. माझ्या घाटावरच्या अडथळ्यांत एक बसलेली म्हैस होती. तिच्यावरून उडी मारण्याचा प्रश्नच नव्हता. वळसा घालावा लागे. पण वळसा घातल्यावर मी पुन्हा धावू लागे, आणि पूर्वी मी तसे केले नसते.

दहाव्या दिवशी पायरीवर चार फुटाणे झाले. बाराव्या दिवशी सहा. सासूबाई मोजणीत काटेकोर होत्या. पायऱ्यांवर मी फार वेळ रेंगाळले तर ती फेरी धरीत नसत. मध्येच त्यांना वाटले की बसून बसून गुडघे आखडतात, म्हणून जप झाल्यावर त्याही नारद घाटापर्यंत जाऊन येऊ लागल्या. तेवढ्या वेळात माझ्या फेऱ्या कोण मोजणार, हा प्रश्न त्यांनी शेजारच्या एका तेलुगू बाईंवर सोपवून सोडविला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. फुटाणे मात्र बरोबर ठेवले जात.

निघण्याच्या दिवशी धुके नव्हते. ऊन लवकर आले आणि पलीकडची वाळू पिवळी दिसू लागली. मी पायऱ्या वगळता न थांबता धावत होते. चार झाल्या असाव्यात, पाच झाल्या असाव्यात. रामरक्षेतला श्लोक नीट येत होता, आणि त्यात गुंतल्यामुळे माझी स्वतःची मोजणी चुकली. शेवटी अमृतराव घाटावर येऊन पाहिले तर सासूबाई त्या तेलुगू बाईंशी खुणांनी काहीतरी मोठ्या जिव्हाळ्याने बोलत होत्या, आणि पायरीवर एकही फुटाणा नव्हता. लाल स्वेटरातली शेळी तोंड हलवीत उभी होती.

“आई, किती झाल्या?”

त्यांनी पायरीकडे पाहिले, मग शेळीकडे.

“तिला विचार,” त्या म्हणाल्या. “नाहीतर असे कर, गाडीला अजून वेळ आहे. आणखी एक करून ये. ती मी नीट मोजते.”

त्यांनी पदराच्या गाठीतून एक फुटाणा काढून मुठीत धरला, आणि मी पांडे घाटाकडे वळले.